सामाईक उतार

क्लीव्हलँडच्या दक्षिणेला, पार्मात,
मार्चमधली माती अजून कडक असताना
ब्रॉन्या श्चेपानिकच्या तळघरात पाणी वर आलं.
वर आलं म्हणजे, तिनंच खाली धाडलेलं परत आलं.
रबरी बूट घालून ती पायरीवर उभी.
"मेपलची मुळं असणार," म्हणाली,
"नवरा सांगून गेलाय."

सगळे असंच सांगतात.
झाडाला बोलता येत नाही, ते सोयीचं पडतं.

मी केबल सोडली. टोकाला दिवा, दिव्यामागे डोळा.
पहिले नऊ फूट बीड.
तळ शाबूत, छत मात्र वाफेनं पोखरलेलं.
लोकांना वाटतं, पाणी झिजवतं.
झिजवते ती पाण्यावरची रिकामी जागा.

मग बीड संपलं आणि कागद लागला.
हो, कागद. युद्धानंतर लोखंड मिळेना,
तेव्हा लगद्याची नळी करून डांबरात बुडवली
आणि तिला पाइप म्हणाले.
वजनाला हलका, करवतीनं कापता येई,
दोन माणसं दुपारपर्यंत अंगण ओलांडत.
माझ्या वडिलांनी असे कितीतरी पुरले
आणि एकाबद्दलही घरी कधी बोलले नाहीत.

पडद्यावर तो आता गोल उरला नव्हता.
मातीनं सत्तर वर्षं वरून हात ठेवला होता,
जोरात नाही,
फक्त उचलला नाही.

बावीस फुटांवर त्याचं पोट सुटलेलं.
खणताना कुणी एक फावडं जास्त काढलं असेल,
अंधार पडला म्हणून भुसभुशीतच परत लोटलं असेल.
फुटामागे पाव इंच उतार, एवढंच तर मागणं.
तो गेला की पाणी रेंगाळतं, गाळ बसतो,
बसलेल्यावर बसायला पुढचा येतो.

मुळं होती. एकोणतीस फुटांवर,
न विंचरलेल्या केसांसारखी.
पण सांधा आधी उघडला, मग ती आली.
ओलीनं हाक मारली, ती गेली. त्यांचा गुन्हा तेवढाच.

चौतिसाव्या फुटाला डावीकडून दुसरा पाइप येऊन मिळाला.
नकाशात हा नव्हता.
"शेजारी कोण राहतं?"
ब्रॉन्यानं बुटाच्या टोकाकडे पाहिलं.
"कुणी नाही." मग म्हणाली, "जाऊ."

सासऱ्यानं एक्कावन्न साली दोन मुलांसाठी दोन घरं बांधली
आणि पैसे वाचवायला चर एकच खणला.
मुलं गेली. तळ्याकाठच्या एका खोपटावरून,
मृत्युपत्रातल्या दीड ओळीवरून,
बावीस वर्षं जावा कुंपणाच्या दोन बाजूंना.
नाताळचं कार्डसुद्धा नाही.
आणि बरोबर त्या कुंपणाखाली
दोघींची आंघोळ, दोघींची भांडी,
रात्री तीनला दोघींचं उठणं
एकाच कागदातून खांद्याला खांदा लावून जात होतं.

नियम असा, की रस्त्यातल्या मोठ्या नळापर्यंत सगळं घरमालकाचं.
नगरपालिका हात झटकते.
म्हणून कुंपणाला वळसा घालून मी घंटा वाजवली.
जेनोवेफानं अंदाजपत्रक चष्म्याशिवाय वाचलं,
काही न बोलता कोट चढवला.

चराच्या या काठावर एक, त्या काठावर दुसरी.
माझ्या पोऱ्यानं तुकडा काढून गवतावर ठेवला.
भिजल्या बुटासारखा चपटा,
आत बोटभर पांढरी चरबी.
जेनोवेफानं ती काठीनं टोचली.
"ब्रॉन्या, शुक्रवारच्या माशांचं तेल
तू अजून मोरीतच ओततेस."
"निम्मं तुझं आहे," ब्रॉन्या म्हणाली.

मी मध्ये पडलो नाही.
खडी पसरायची होती, नवा पाइप टेकायचा होता.
गुडघ्यांवर बसून लेव्हल लावली,
आणि बुडबुडा मधून किंचित
घरांकडे सरकेपर्यंत
खालची खडी काढत, घालत राहिलो.
वर त्यांचं चाललंच होतं.